सेन्सेईंच्या घरचं रविवारचं जेवण

इंग्लंडला बारा दिवस राहून आले आणि लंडन पाहिलं नाही, असं सांगितलं की पुण्यातले लोक माझ्याकडे जरा संशयाने बघतात. पण खरंच तसं झालं. हीथ्रोला उतरले, तिथूनच कोच म्हणजे लांब पल्ल्याची बस पकडली आणि बारा दिवसांनी त्याच स्टँडवर परत आले. निघताना डायरीत यादी केली होती. वेम्बलीला मावसबहीण राहते, तिच्याकडे दोन दिवस. सॉल्सबरीचं चर्च. समुद्राकाठची एक दोन गावं. यादीतल्या एकाही नावापुढे खूण झाली नाही. सगळे दिवस साउथहॅम्प्टनमध्ये, मिचिको सेन्सेईंच्या घरात गेले. तरी इतका दमवणारा प्रवास मी दुसरा केलेला नाही.

सेन्सेई म्हणजे शिकवणाऱ्या बाई. तीस वर्षांपूर्वी त्या पुण्यात दोन वर्षं जपानी शिकवत होत्या आणि मी त्यांच्या वर्गात होते. आज मी भाषांतरं करून पोट भरते ते त्यांच्यामुळे. पुण्यात असतानाच त्यांची मुंबई बंदरात आलेल्या जॉर्ज नावाच्या इंग्रज जहाज-इंजिनियरशी ओळख झाली, लग्न झालं आणि त्या साउथहॅम्प्टनला गेल्या. मग पत्रं, दिवाळीला फोन. मी तिकडे जाण्याच्या चार वर्षं आधी जॉर्ज वारले. सेन्सेई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

२००६च्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाचा, केनचा, ईमेल आला. तो एडिंबराला असतो. त्याने लिहिलं होतं की आई फोनवर ठीक बोलते, पण अडली की जपानीत शिरते आणि त्याचं जपानी तेवढं नाही. ऑक्टोबरात ती मित्रमंडळींना घरी जपानी जेवायला बोलावणार आहे, त्या निमित्ताने तुम्ही या, तिच्याबरोबर राहा आणि ती एकटी राहू शकते का ते मला खरं खरं सांगा. आईला यातलं काही बोलू नका, असंही शेवटी होतं.

मी हो कळवलं. सेन्सेईंचं आमंत्रणही त्याच आठवड्यात आलं होतं. म्हणजे मी पाहुणी म्हणूनही निघाले होते आणि हेर म्हणूनही.

शुक्रवार, कोच स्टेशन

सेन्सेई मला घ्यायला येणार होत्या. कोच स्टेशनवर बाकावर मी बॅग घेऊन एक तास बसले. वारा खाऱ्या पाण्याचा होता, आणि बंदरातल्या उंच क्रेन इमारतींच्या वरून डोकावत होत्या. घरी फोन लावला तर वाजत राहिला. मला बसवेना. रेल्वे स्टेशन चालत पाच मिनिटांवर आहे असं कळल्यावर नुसतं करायला काहीतरी हवं म्हणून बॅग ओढत तिकडे गेले.

तिथे गेटापाशी सेन्सेई उभ्या होत्या. ताठ, राखाडी कोट, गळ्यात रेशमी रुमाल. लंडनची गाडी आली की प्रत्येक चेहरा निरखून बघत होत्या. मी कोचने येणार हे मी पत्रातही लिहिलं होतं आणि फोनवरही सांगितलं होतं.

"गाडीला उशीर झाला का?" त्यांनी जपानीत विचारलं.

मी हो म्हटलं. इंग्लंडमधलं माझं पहिलं वाक्य खोटं होतं.

घर कॉमनच्या जवळ, एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत. कॉमन म्हणजे गावातलं मोठं रान, आपल्या एम्प्रेस गार्डनच्या कितीतरी पट, कुंपण नाही. घर स्वच्छ होतं. स्वयंपाकघरात जिकडेतिकडे लहान कागद चिकटवलेले होते, ब्रशने सुंदर अक्षरात काढलेले. पुढे जे जे लोक घरी आले ते म्हणाले, काय छान कॅलिग्राफी. ती छान होतीच. पण मला वाचता येत होती. शेगडीच्या वर लिहिलं होतं, "गॅस बंद केला का?" दारावर, "चावी, चष्मा." फ्रिजवर, "दूध आहे, आणू नकोस." आणि कॅलेंडरशेजारी, "सुनंदा, शुक्रवार." म्हणजे मी.

मी ते वाचले हे त्यांनी पाहिलं. चहा घेतेस ना, त्यांनी विचारलं.

शेगडीवरच्या फळीवर दोन पातेली होती. एकाला निळी मूठ, एकाला पांढरी. ही पद्धत पुण्याची. जपानी स्वयंपाकात जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा पाया एक पातळ अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. आपल्याकडे फोडणी, तशी त्यांची दाशी. ती करतात कोम्बू नावाच्या वाळवलेल्या समुद्री पानाची आणि वाळवलेल्या माशाच्या किसाची. तो मासा ताटात दिसत नाही, पण सूपात असतो, भाजीत असतो, सॅलडमध्येसुद्धा असतो. पुण्यात आमच्यासारखी शाकाहारी माणसं जेवायला येऊ लागल्यावर सेन्सेईंनी दुसरं पातेलं केलं. पांढरी मूठ, फक्त पान आणि वाळलेले मश्रूम. तीस वर्षांत त्यांनी ते कधी निळ्यात मिसळलं नाही.

रविवार, हाइथची फेरी

पहिले दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. सकाळी कॉमनवर चालायला जायचे आणि वीस मिनिटांत परत यायचे, कारण गॅस आठवायचा. सेन्सेई एकच गोष्ट दिवसात तीनदा विचारत, तुझी आई कशी आहे. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. पहिल्या वेळी मी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या वेळी पुन्हा सांगितलं आणि पुन्हा भरून आले. तिसऱ्या वेळी, आई बरी आहे, असं म्हटलं, आणि मग दुपारभर त्या उत्तराने मला चैन पडली नाही.

रविवारी त्या म्हणाल्या, चल, तुला पाणी दाखवते. टाउन की नावाच्या धक्क्यावरून एक लहानशी बोट पलीकडच्या हाइथ गावाला जाते. वाटेत कंटेनरची जहाजं, गल्लीएवढी लांब, आणि एक पांढरं क्रूझ जहाज, त्याच्या बाल्कन्या चाळीसारख्या एकावर एक. सेन्सेई रेलिंगला धरून मला सांगत होत्या, कुठलं जहाज तेलाचं, कुठलं गाड्यांचं, ओसरतेय असं वाटताना पुन्हा चढून भरती इथे कशी फसवते, जॉर्ज कुठल्या धक्क्यावरून निघायचे. एकही शब्द अडला नाही. हाइथच्या लांब लाकडी धक्क्यावर एक खेळण्यातली वाटावी अशी आगगाडी आहे. तिच्यात आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि त्या हसल्या. मला वाटलं, केन उगाच घाबरलाय. या बाईंना काहीही झालेलं नाही.

गावात चिप्स घेतले. बटाटे कशात तळता ते मी विचारलं, दुकानदाराने वनस्पती तेल म्हणून सांगितलं, आणि व्हिनेगर शिंपडून बाकावर बसून खाल्ले. आपण भज्यांवर मीठ भुरभुरतो तितक्याच सहजपणे हे लोक व्हिनेगर ओततात. ओल्या, आंबट कागदातले चिप्स थंडीत फार बरे लागतात.

परत आल्यावर बसस्टॉप उजवीकडे होता. सेन्सेई डावीकडे निघाल्या. मी म्हटलं, इकडून ना? त्या थांबल्या, आजूबाजूला पाहिलं, आणि एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर मला कुणीच ओळखीचं दिसलं नाही. मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तुला दुकानं दाखवणार होते."

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या लायब्ररीत जाऊन कॉम्प्युटरवर केनला ईमेल लिहायला बसले. बोटीवरचं लिहिलं. बसस्टॉपचंही लिहिलं. वाचून पाहिलं तर ते पोलिसांत दिलेल्या जबाबासारखं वाटलं. पाठवलं नाही. उठले, बाहेर फेरी मारली, परत आले, तर कॉम्प्युटरवर दुसरं कुणी बसलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

गुरुवार, शर्ली

जेवण रविवारचं ठरलं होतं. पाहुणे चारच आणि केन. शेजारची पोलिश हालिना, बेकरीत काम करणारी. रहमानभाई, जॉर्जच्या जहाजावर वीस वर्षं स्वयंपाकी असलेले, बांगलादेशातल्या सिल्हेटचे गृहस्थ. इथल्या हॉस्पिटलमधली नागपूरची डॉक्टर मंजिरी. आणि मंजिरीच्या सासूबाई, मालतीकाकू.

बाजारहाट सेन्सेईंनी सेंट मेरीज भागातल्या आपल्या लोकांच्या दुकानांतून केला. जपानी मुळा म्हणजे आपला पांढरा मुळाच. लाल भोपळा तिथे मिळाला, कमळकाकडीही. रहमानभाई दारूचा थेंब घेत नाहीत, आणि जपानी भाजीत गोडसर वाइन घालतात, म्हणून त्यांच्यासाठी साखर आणि पाणी. हालिनाला समुद्री पानाचा वास सोसत नाही, म्हणून तिच्या वाटीत ते पान दिसता कामा नये. सेन्सेई हे सगळं बोटांवर मोजत सांगत होत्या. कोण काय खात नाही ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं. दुकानात कशाला आलो ते मात्र मला दोनदा सांगावं लागलं.

तिथेच मंजिरी भेटली, सेन्सेईंना गाडीने घरी सोडलं आणि आग्रह करून मला शर्ली भागातल्या तिच्या घरी घेऊन गेली. गाडीत म्हणाली, "ताई, प्लीज आईंशी थोडं बोला. माझी ऑन-कॉल ड्युटी, नवऱ्याच्या शिफ्ट्स, त्यांना दिवसभर बोलायलाच कुणी नसतं. ॲक्च्युअली त्या डिप्रेस होतायत असं मला वाटतं."

मालतीकाकू सत्तरीच्या. नऊवारी नाही, पण पाचवारीवर लोकरी कोट आणि पायात पांढरे बूट. इथे आल्यापासून तीन वर्षांत त्या एकट्या रस्ता ओलांडून गेल्या नव्हत्या. बाहेरचं काही खात नाहीत, हॉटेलात गेल्या तर पाणीही घेत नाहीत. फक्त सेन्सेईंच्या घरी जेवतात.

मी विचारलं, तिथे कशा जेवता?

"ती बाई माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवते," काकू म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या नणंदेच्या घरी सुद्धा कुणी वेगळं पातेलं नाही ठेवलं. भाषा कळत नाही तिची मला. पण पातेलं कळते ना."

मी परत येताना बसमध्ये उभीच राहिले. सीट रिकामी होती तरी.

रविवार

सकाळी सातला सेन्सेई कामाला लागल्या होत्या. भात मोठ्या लाकडी तसराळ्यात व्हिनेगर घालून वरखाली करायचा होता, मला पंख्याने वारा घालायचं काम दिलं. भोपळा मोठ्या फोडींनी दाशीत शिजत होता. शेजारी पांढऱ्या पातेल्यात उरलेली दाशी गाळून ठेवलेली, सूपासाठी. घेवड्याच्या शेंगा तिळाच्या कुटात कालवलेल्या, त्यातही दोन चमचे तीच दाशी. त्या बाईंचे हात बघत राहावं असे होते. मोजणं नाही, चाखणं नाही.

साडेअकराला मी कचरा टाकायला सिंकपाशी गेले. गाळणीच्या फडक्यात हिरवट पान होतं, आणि त्याच्याखाली ओला, गुलाबी तपकिरी किस. माशाचा. तो धुरकट वास मी जपानमध्ये वर्षभर ओळखून टाळलेला आहे. मी वाकून पातेल्याचा वास घेतला. मग भोपळ्याचा.

मी सेन्सेईंना हळू आवाजात विचारलं, पांढऱ्यात काय घातलं होतं? त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, पान आणि मश्रूम, नेहमीसारखं. मी फडकं दाखवलं. ते कालचं असेल, त्या म्हणाल्या. काल आम्ही टोस्ट आणि सफरचंद खाल्लं होतं.

केनची गाडी साडेबाराला येणार होती. पाहुणे एकला. माझ्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही मला स्पष्ट दिसत होत्या. गप्प बसले तर कुणालाच कळणार नव्हतं. काकू आनंदाने जेवतील, केन आईचा टेबलावरचा रुबाब बघून कदाचित निश्चिंत परत जाईल. बोलले तर सेन्सेईंचं घर जाईल. उद्या सकाळी दहाला केनने घर विकण्यासाठी बघायला इस्टेट एजंटाला बोलावलंय, हे त्याने मला फोनवर सांगितलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं.

मी जास्त विचार केला असं म्हणता येणार नाही. आठ दिवस पायाखाली निखारे असल्यासारखी फिरत होते, तेच पाय पुढे गेले. पांढरं पातेलं उचललं आणि दाशी सिंकमध्ये ओतली. भोपळा बादलीत गेला. शेंगाही.

सेन्सेई वळल्या. त्यांनी रिकामं पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शिष्येने सेन्सेईंचं रांधलेलं ओतून द्यावं याला जपानीत शब्द आहे का मला माहीत नाही.

"तू केनसाठी आली आहेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो, सेन्सेई. त्याने मला लिहिलं होतं."

त्यांनी ॲप्रनला हात पुसले, खुर्चीवर बसल्या आणि स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे हात माझ्या आईसारखं करतात. ती पान आणि मासा एकत्रच टाकायची. माझं लक्ष नसलं की हात तिच्याकडे जातात."

मी पातेलं साबणाने घासायला घेतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा घासून झालं तेव्हा त्या उठल्या, नवं कोम्बूचं पान घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि मला म्हणाल्या, "शेजारी उभी राहा. मी काय टाकते ते मोठ्याने म्हण."

तसं केलं. पाणी, मी म्हटलं. पान. मश्रूम. पुन्हा पाणी. मीठ. वर्गात त्या म्हणायच्या आणि मी मागून म्हणायचे, तसंच, फक्त उलटं. दुसरा भोपळा नव्हता, म्हणून मुळा आणि गाजर. एकला दहा मिनिटं कमी असताना केन आला, उंच, कपाळ आईचं. तो दारात उभा राहून आम्हा दोघींची ही घोकंपट्टी ऐकत होता. त्याला वाटलं, मी स्वयंपाक शिकतेय.

टेबल बाहेरच्या खोलीत मांडलं होतं. रहमानभाई कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि बेकरीतला पाव घेऊन हालिना. मालतीकाकूंनी ओटीचा नारळ आणला होता. तो इंग्लंडमध्ये कसा मिळवला ते मंजिरीलाच ठाऊक. सूप वाढलं. काकूंनी वाटी हातात घेतली आणि सेन्सेई उभ्या राहिल्या.

त्या इंग्रजीत बोलल्या, साध्या शब्दांत, वाक्य तुटू नये म्हणून सावकाश.

"आज मी मालतीसानच्या पातेल्यात मासा टाकला. मला आठवत नाही कधी टाकला. सुनंदाने ते सगळं ओतून दिलं. हे नवीन आहे. पण यापूर्वी काय झालं असेल ते मला सांगता येत नाही, कारण मी विसरते. घरात सगळीकडे लिहून ठेवते तरी विसरते. हे आधी सांगते. मग जेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

त्या बसल्या. केनने चमचा खाली ठेवला. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

मालतीकाकूंना इंग्रजी येत नाही, त्या माझ्याकडे बघत होत्या. मंजिरी पटकन म्हणाली, "आई, काही नाही, सूप बिघडलं होतं म्हणून परत केलंय." ती चांगुलपणानेच म्हणाली. स्टेशनवर मी जशी हो म्हणाले होते, तशी. पण माझा धंदा भाषांतराचा आहे, आणि समोरची बाई एवढ्या कष्टाने जे बोलली ते मी अर्धं करून सांगितलं असतं तर मला पुन्हा त्यांना सेन्सेई म्हणता आलं नसतं. मी काकूंना मराठीत सगळं सांगितलं. मासा सांगितला, ओतल्याचं सांगितलं, आणि यापूर्वीचं सांगता येत नाही हेही.

काकूंनी वाटी खाली ठेवली. डोळे मिटले. हालिनाला आमचं मराठी कळत नव्हतं, ती रुमालाची घडी करत होती. बाहेर बंदरातून भोंगा झाला, लांब, खोल.

"हे आत्ताचं कोणी केलं?" काकूंनी विचारलं.

"दोघींनी. मी शेजारी उभी होते."

"बाकीचं देवाले माहीत," काकू म्हणाल्या. "ह्या बाईनं सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का? नसतं कळलं. मग जी सांगते तिच्या घरी नाही जेवायचं, तर कोणाकडे जेवायचं?"

त्यांनी वाटी उचलली आणि सूप प्यायल्या. त्यानंतर बाकीचे जेवले. रहमानभाईंनी मुळ्याची भाजी तीनदा घेतली आणि जहाजावर जॉर्ज कसे रात्रंदिवस पावाला लोणचं लावून खायचे ते सांगितलं. केन हसला, मग डोळे पुसत बाहेर बागेत गेला. काकूंनी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी उपास केला, हे मंजिरीने मला नंतर फोनवर सांगितलं. म्हणजे त्यांना काहीच वाटलं नव्हतं असं नाही. त्यांनी जे केलं ते वाटूनही केलं.

भांडी पुसताना मी केनला सगळं सांगितलं. स्टेशन, बसस्टॉप, माझी आई. बोटीवरचंही सांगितलं, आणि हेही की कोण काय खात नाही हे त्या अजून विसरलेल्या नाहीत. तो म्हणाला, थँक यू. मी म्हटलं, मला नको म्हणूस, तुझ्या आईने स्वतःच सांगितलं. आणि उद्याच्या एजंटाचं तूही तिला आजच सांग.

सोमवार

एजंट आला नाही. केनने सकाळीच फोन करून त्याला नको सांगितलं होतं. मग मायलेक कॉमनवर दोन तास चालले. मी वरच्या खोलीत बॅग भरली, रिकामी केली, परत भरली. ते आले तेव्हा दोघांची नाकं लाल होती, थंडीने की कशाने ते विचारलं नाही. ठरलं ते असं. गॅसच्या जागी आपोआप बंद होणारी विजेची शेगडी. ईस्टरपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, घर राहील. रविवारी रहमानभाई येऊन जातील, हालिना रोज सकाळी दार वाजवेल. आणि मंगळवार व शुक्रवार मालतीकाकूंनी स्वतःहून मागून घेतले होते. मंजिरीने विचारलं, आई, तुम्ही तिथे बोलणार काय? त्या म्हणाल्या, इथे तरी मी काय बोलून राहिले.

ईस्टरपर्यंतची व्यवस्था पुढे वर्षाहून जास्त टिकली. आता सेन्सेई एडिंबराला केनजवळ असतात. फोनवर कधी ओळखतात, कधी मला शिकवायला लागतात.

मंगळवार

माझा कोच साडेबाराचा होता. काकू अकराच्या बसने येणार होत्या, एकट्या. हातात मंजिरीने स्टॉपचं नाव लिहून दिलेली चिठ्ठी. मी खिडकीत उभी होते. अकरा वाजून दहा मिनिटांनी बस आमच्या स्टॉपवर थांबलीच नाही. पुढे जाऊन, लांब वळणावर थांबली, आणि पांढरे बूट, साडी आणि लोकरी कोट असे तिथे उतरले.

सेन्सेईंनीही पाहिलं. मी बूट घालेपर्यंत त्या चप्पल अडकवून बाहेर पडल्या होत्या, झपाझप. मी दारात थांबले. त्या वळणापर्यंत पोचल्या, दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला, एकीने जपानी, एकीने मराठी, आणि हात धरून परत निघाल्या. दोघीही बोलत होत्या. एकाच वेळी.

आमच्या फाटकापाशी आल्या आणि तशाच पुढे गेल्या. शेजारच्या घरावरून, त्याच्या पुढच्या घरावरून. माझ्या तोंडाशी हाक आली होती. इतके दिवस मी प्रत्येक गोष्टीला धावले होते. या वेळी फाटकापर्यंत गेले आणि त्याची कडी धरून उभी राहिले. चार घरं पुढे जाऊन त्या थांबल्या. काहीतरी पाहिलं, कोणी कोणाला वळवलं ते इतक्या लांबून दिसलं नाही, आणि दोघी उलट्या फिरल्या.

फाटकाशी येताच सेन्सेई जपानीत मला म्हणाल्या, "या बिचाऱ्या रस्ता चुकल्या होत्या. बरं झालं मी गेले."

त्याच वेळी काकू मराठीत म्हणाल्या, "चुकल्या होत्या वो त्या. घर सोडून पुढेच चालल्या. मी आणलं धरून."

मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या, दुसरी काय म्हणाली ते मी सांगेन म्हणून. मी दोघींनाही काही सांगितलं नाही. फाटक उघडलं आणि त्यांना आत जाऊ दिलं.